डुकरांचं रक्त तपासायचंय? आधी प्रश्न ठरवा, मग सुई हातात घ्या

डुकरांच्या फार्मवर रक्ततपासणी दोनच वेळा होते असं माझं निरीक्षण आहे. एकतर मरतूक सुरू झाली की, नाहीतर लस विकणारा माणूस म्हणाला की एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची तपासणी) आम्ही करून देतो. दोन्ही वेळा रिपोर्ट येतो, त्यात पंधरा-वीस आकडे असतात, शेजारी कुठल्यातरी पुस्तकातली नॉर्मल रेंज छापलेली असते, आणि आपण त्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवतो नि विचारतो, "सर, कसंय?" आता त्या बिचाऱ्यांना काय कळणार, डुक्कर किती दिवसांचं होतं, लस कधी दिलेली, खाऊन किती वेळ झालेला, पकडायला पाच मिनिटं झटापट झाली का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

मी बरीच वर्षं हेच केलं. म्हणून हा लेख जरा लांबलचक आहे, कारण रक्ताच्या रिपोर्टात जे चुकतं त्यातलं बरंचसं लॅबमध्ये चुकतच नाही, ते शेडमध्येच चुकून येतं.

पहिलं काम: एका वाक्यात प्रश्न लिहा

"कळपाची तब्येत कशी आहे" हा प्रश्न नाही. "दूध तोडताना पिल्लांना लोह कमी पडतंय का" हा प्रश्न आहे. "दहाव्या आठवड्यानंतर वाढ मंदावते, तिथे आतून काही आजार चाललाय का" हा प्रश्न आहे. "क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस मी ज्या वयात देतोय त्या वयात ती लागू पडते का" हाही प्रश्न आहे. या तिघांना वेगळ्या वयाची जनावरं लागतात, वेगळी ट्यूब लागते, वेगळा दिवस लागतो. एकाच सकाळी दहा डुकरांचं रक्त काढून तिन्ही उत्तरं मिळवायचा मोह होतो, पण मग तिन्ही अर्धवट मिळतात.

प्रश्न लिहून झाला की त्याच्याखाली हेही लिहा, की आकडा असा आला तर मी काय बदलणार नि तसा आला तर काय. दोन्ही वेळा काहीच बदलणार नसाल तर ती तपासणी करू नका, खरंच. त्यापेक्षा वजनकाटा दुरुस्त करून घ्या.

किती डुकरं घ्यायची

इथे साधं गणित आहे. एखादा आजार कळपात आहे की नाही एवढंच बघायचंय आणि तो असलाच तर निदान १० टक्के जनावरांत असेल असं धरलं, तर मोठ्या कळपात साधारण ३० नमुने घेतले की ९५ टक्के खात्रीने एकतरी पॉझिटिव्ह हाताला लागतो. २० टक्के धरले तर १४ पुरतात, ५ टक्के धरले तर ५९-६० लागतात. म्हणजे पाच नमुने निगेटिव्ह आले म्हणून "आपल्याकडे नाहीये" म्हणणारा माणूस स्वतःची समजूत घालतोय.

आजार आहे-नाही यापेक्षा लेव्हल कशी बदलते ते बघायचं असेल, म्हणजे लसीच्या अँटीबॉडी किंवा जळजळीचे प्रोटीन (आतून आजार किंवा जखम असली की रक्तात चढणारे), तर दोन रस्ते आहेत. एकाच दिवशी वेगवेगळ्या वयाच्या गटांतून, समजा ३, ६, ९, १२, १६ आणि २० आठवडे, प्रत्येकी ८-१० जनावरं. हे झटपट होतं, पण यात एक गृहीत लपलंय, की आज ३ आठवड्यांची असलेली पिल्लं पुढे आजच्या २० आठवड्यांच्या डुकरांसारखीच जातील. दुसरा रस्ता म्हणजे त्याच १५-२० डुकरांना कानात बिल्ला मारून पिल्लापासून विक्रीपर्यंत तीच ती परत परत बघायची. वेळखाऊ आहे, मधेच दोन-तीन मरतात, एकाचा बिल्ला पडतो. पण लसीचा प्रश्न असेल तर मला हाच पटतो.

आणि कृपा करून जे सहज हाताला लागतं तेच पकडू नका. पेनमधलं, म्हणजे शेडच्या कप्प्यातलं, सुस्त डुक्कर पटकन पकडलं जातं आणि सुस्त डुक्कर बऱ्याचदा आजारी असतं. लहान, मध्यम, मोठं असं ठरवून घ्या, पेन बदलून घ्या.

रक्त काढणं

हे काम वाचून शिकायचं नाही, आधी पशुवैद्यकासोबत उभं राहून शिका, नियमही बऱ्याच ठिकाणी तसेच आहेत. मी फक्त जे लक्षात ठेवायचं ते सांगतो.

डुकराच्या शिरा बाहेरून दिसत नाहीत, चरबीखाली दडलेल्या असतात, म्हणून गाय-म्हशीसारखं बोटाने दाबून शीर फुगवायची सोय नाही. रक्त मानेखालच्या मोठ्या शिरेतून किंवा छातीच्या तोंडाशी असलेल्या महाशिरेतून काढतात. २० किलोच्या आतलं पिल्लू पाठीवर उताणं, पुढचे पाय मागे ओढून, मान सरळ. त्याहून मोठं असेल तर उभं ठेवून वरच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे फास अडकवायचा, डोकं थोडं वर, चारही पाय जमिनीवर सरळ. छातीच्या हाडाच्या टोकाजवळ मानेच्या बाजूने जो खळगा असतो त्याच्या सगळ्यात खोल जागी सुई, आणि रोख विरुद्ध खांद्याच्या माथ्याकडे. नेहमी डुकराची उजवी बाजू घ्या, कारण हृदयाला नि श्वासपटलाला जाणाऱ्या नसांना धक्का लागायचा धोका त्या बाजूला कमी असतो.

सुई पिल्लांना २०-२१ गेजची (गेज जितका कमी तितकी सुई जाड), एक ते दीड इंच. वाढत्या डुकरांना १८-२० गेज, दीड ते अडीच इंच. मोठ्या माद्यांना १६-१८ गेजची चांगली साडेतीन-चार इंची लागते, छोट्या सुईने टोचत राहिलात तर रक्त येत नाही आणि मादी तुम्हाला वर्षभर विसरत नाही. थोडंच रक्त हवं असेल तर मादीच्या कानाच्या शिरेतून पण चालतं.

प्रत्येक डुकराला नवी सुई. यात तडजोड नाही. एका सुईने पेनभर टोचणं म्हणजे पीआरआरएस (गर्भपात नि श्वसनाचा विषाणूजन्य आजार) असो की स्वाइन फिव्हर, आपणच हाताने वाटत सुटणं.

किती काढायचं? डुकराच्या अंगात किलोमागे साधारण ६५ मिली रक्त असतं आणि त्याच्या १० टक्क्यांच्या पुढे एकावेळी जाऊ नये. दीड किलोच्या पिल्लात सगळं मिळून १०० मिलीच्या आत असतं, त्यातून २ मिली घ्या आणि थांबा.

फास लावल्यापासून दोन मिनिटांत काम झालं पाहिजे, दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर सोडून द्या, दुसरं डुक्कर घ्या. झटापटीने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, साखर वाढते, स्नायूंचं एन्झाइम सीके तर कुठच्या कुठे जातं, आणि मग रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं डुकराच्या स्नायूंना काहीतरी झालंय. झालेलं एवढंच असतं की तुम्ही त्याला पेनभर पळवलेलं असतं. हो, आणि कानात बोळे घाला. फासात अडकलेलं डुक्कर १०० डेसिबलच्या वर किंचाळतं, दिवसभरात पन्नास डुकरं केलीत की रात्री कान वाजत राहतात.

एक गंभीर गोष्ट. अंगात ४१ डिग्रीच्या पुढे ताप, कातडी लाल-जांभळी, धडाधड मरतूक, असं दिसत असेल तर हौसेने रक्त काढायला जाऊ नका, मेलेलं डुक्कर तर अजिबात फाडू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हरमध्ये रक्तात विषाणू खच्चून भरलेला असतो आणि सांडलेला एक थेंब पुढे बराच काळ घातक राहतो. तिथे आधी सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं, बाकी सगळं नंतर.

ट्यूब आणि पुढचे चार तास

अँटीबॉडी, हॅप्टोग्लोबिन (जळजळीचं एक प्रोटीन), युरिया, प्रोटीन यासाठी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, लागतं, म्हणजे लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब. हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी आणि पीसीआरसाठी (विषाणूच शोधायची तपासणी) जांभळ्या झाकणाची ईडीटीए, यात रक्त गोठत नाही. नेमकी साखर मोजायची असेल तर राखाडी झाकणाची फ्लोराइडवाली, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खात बसतात आणि आकडा खोटाच कमी येतो. पोटॅशियमचंही सिरम वेळेवर वेगळं केलं नाही तर बिघडतं.

ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करा, कॉकटेलसारखी हलवू नका. लाल ट्यूब अजिबात हलवायची नाही, तिरपी ठेवून सावलीत अर्धा ते एक तास गोठू द्यायचं, मग जमलं तर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) करून वरचं पिवळसर सिरम दुसऱ्या स्वच्छ नळीत काढायचं. सेंट्रिफ्यूज नसेल तर गोठल्यावर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सिरम आपोआप सुटतं. गोठलेल्या रक्ताची अख्खी ट्यूब फ्रीझरमध्ये कधीच टाकू नका, पेशी फुटतात आणि सगळं लालभडक होतं.

हे लालभडक होणं म्हणजे हिमोलिसिस, आणि यानेच निम्मे रिपोर्ट वाया जातात. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, सुई न काढता रक्त ट्यूबमध्ये पिचकारीसारखं मारलं, ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिली, बर्फाला थेट टेकली, सगळ्याचा परिणाम तोच. माझ्या एका खेपेला २४ पैकी १९ ट्यूब लॅबने परत केल्या, कारण मी त्या बर्फाच्या पॅकला चिकटवून छान गार करून नेल्या होत्या. मधे एक जाड कागद घातला असता तर दिवस वाया गेला नसता.

ट्यूबवर नंबर, आणि वहीत त्या नंबरपुढे कानाचा बिल्ला, वय, वजन, पेन, अंगातला ताप, शेवटचं खाणं किती वाजता, कुठली लस कुठल्या तारखेला कुठल्या बॅचची, आणि "खूप झटापट" किंवा "शांत". हे शेवटचं लिहायला लोक हसतात. लिहा.

पिल्लं: चीक पोचला का

डुकरीणीची वार अशी असते की पोटात असताना आईच्या अँटीबॉडी पिल्लाला मिळतच नाहीत. पिल्लू जवळजवळ कोऱ्या पाटीने जन्मतं, जे काही संरक्षण मिळतं ते चिकातून, आणि आतड्याचा दरवाजा २४ ते ३६ तासांत बंद होतो. पिल्लाला पहिल्या दिवसात २०० ते २५० ग्रॅम चीक तरी जायला हवा. गेला की नाही हे बघायची एक जुनी, सोपी तपासणी आहे, इम्युनोक्रिट.

जन्मानंतर साधारण २४ तासांनी पिल्लाचं थोडं रक्त घ्यायचं, सिरम काढायचं, त्यात तेवढंच ४० टक्क्यांचं अमोनियम सल्फेटचं द्रावण मिसळायचं. चिकातून आलेल्या अँटीबॉडी या मिठात साका होऊन खाली बसतात. ते मिश्रण केशनळीत भरून हिमॅटोक्रिटच्या सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवायचं आणि साक्याची उंची भागिले पूर्ण स्तंभाची उंची. आकडा जितका मोठा तितका चीक जास्त पोचलेला. मी इथे कुठली हद्द सांगत नाही, कारण खरा उपयोग तुलनेत आहे: एकाच मादीच्या पहिल्या जन्मलेल्या नि शेवटच्या जन्मलेल्या पिल्लात किती फरक, रात्री एकटीच व्यायलेल्या माद्यांच्या पिल्लांत आणि माणूस हजर असताना व्यायलेल्यांत किती फरक. शेवटून जन्मलेली लहान पिल्लं जवळजवळ नेहमी मागे असतात, आणि हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना, की कामगार स्वतःहून मोठ्या पिल्लांना तासभर बाजूला काढून लहानांना आधी पाजायला लागतात, सांगावं लागत नाही.

पिल्लं: लोह

सगळ्या लेखातून एकच तपासणी करायची असेल तर ही करा, हिमोग्लोबिन. हातात मावणारा मीटर येतो, एक थेंब रक्त, मिनिटभरात आकडा.

पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात साधारण ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येतं. रोज लागतं ७ मिलिग्रॅमच्या आसपास नि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १. म्हणजे आठवडाभरात डबा रिकामा. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत २०० मिलिग्रॅमचं लोहाचं इंजेक्शन देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते पुरलं का, हे फार थोडे बघतात.

दूध तोडायच्या आदल्या दिवशी १० माद्यांची पिल्लं निवडा, प्रत्येकीची तीन, लहान, मध्यम नि मोठं. हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या वर असेल तर ठीक, ९ ते ११ म्हणजे काठावर, ९ च्या खाली म्हणजे अॅनिमिया. आणि आता गंमत बघा, सगळ्यात वाईट आकडे बहुतेकदा सगळ्यात गुबगुबीत पिल्लांचे येतात. कारण जे जास्त वाढलं त्याने रक्तही जास्त बनवलं, लोह मात्र सगळ्यांना तेवढंच मिळालं. आपण फिकट, किरकोळ पिल्लू शोधत असतो आणि कमतरता बसलेली असते फार्मवरच्या शोभेच्या पिल्लात, जे दूध तोडल्यावर दोन आठवडे अडखळतं आणि मग आपण खाद्याला शिव्या देतो.

मोठीच कमी येत असतील तर दूध तोडायच्या आधी दुसरा डोस द्यायचा का हे डॉक्टरांशी बोला. लहान-मोठी सगळी एकसारखी कमी असतील तर डोसच पोचत नाहीये, सुई काढल्यावर औषध बाहेर गळतंय किंवा सिरिंजचं माप चुकलंय. आणि एखाद्याच मादीच्या सगळ्या पिल्लांचा आकडा ६-७ च असेल तर त्या दिवशी तिची पिल्लं इंजेक्शन द्यायची राहून गेली, दुसरं काही नाही. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मोजू नका, चीक पिऊन रक्त पातळ होतं आणि आकडा तसाच घसरतो.

आतून धुमसतंय का

शेडमध्ये कोणी खोकत नाही, कोणी मरत नाही, पण वजनं लागत नाहीत. इथे जळजळीची प्रोटीनं कामाला येतात. डुकरात त्यातली महत्त्वाची म्हणजे हॅप्टोग्लोबिन, सीआरपी, सीरम अमायलॉइड ए आणि पिग-मॅप. संसर्ग किंवा जखम झाली की यकृत ही वाढवतं, आणि अल्ब्युमिन उलट खाली येतं. अमायलॉइड आणि सीआरपी काही तासांत चढतात, एक-दोन दिवसांत शिखर गाठतात आणि लवकर उतरतात. हॅप्टोग्लोबिन सावकाश चढतं पण टिकतं जास्त. म्हणून काल-परवा काय झालं हे सीआरपी सांगतं, नि गेला आठवडा-दीड आठवडा कसा गेला हे हॅप्टोग्लोबिन.

कळपासाठी मी हॅप्टोग्लोबिनच घेतो. ते कुठला आजार आहे हे सांगत नाही, पीआरआरएस असो, शेपूट चावलेली असो, पायाला गळू असो, सगळ्याला वाढतं. हाच त्याचा दोष आणि हाच त्याचा उपयोग. शिवाय वयानुसार बदलतं, लॅबच्या पद्धतीनुसार बदलतं, म्हणून पुस्तकातल्या रेंजशी लावू नका. त्याच वयाच्या दोन गटांची एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये तुलना करा: चांगला वाढणारा शेड विरुद्ध मागे पडणारा. किंवा शेड रिकामा करून धुण्याच्या आधीची बॅच विरुद्ध नंतरची. चढलेल्या हॅप्टोग्लोबिनची डुकरं सरासरीने कमी वाढतात, कारण जे अमिनो आम्ल मांसाला जायचं ते यकृत या प्रोटीनांत नि पांढऱ्या पेशींत घालवतं, आणि भूकही मरते.

आणि हिमोलिसिस झालेल्या नमुन्यात हे मोजूच नका. हॅप्टोग्लोबिनचं कामच मुळी मोकळ्या हिमोग्लोबिनला धरायचं आहे, फुटलेल्या पेशींनी आकडा बिघडतो.

एकदा एका शेडमध्ये तीनच पेनचे आकडे दुप्पट आले. सगळे श्वसनाचा आजार शोधत बसले, नाकातले स्वॅब गेले, पैसे गेले. शेवटी कोणीतरी खाली वाकून बघितलं तर त्या तीन पेनची फरशी उखडलेली आणि अर्ध्या डुकरांचे खूर फाटलेले. त्यामुळे आता मी रक्त काढताना प्रत्येक डुकराचे पाय, शेपूट, सांधे बघून वहीत खूण करतो, मगच नमुना मोजणीत धरतो.

पांढऱ्या पेशींचं थोडक्यात. डुकरात मायक्रोलिटरला साधारण ११ ते २२ हजार असतात, म्हणजे माणसाच्या चष्म्यातून बघितलं तर "केवढं इन्फेक्शन" असं वाटेल, तसं नसतं. निरोगी डुकरात लिम्फोसाइट जास्त असतात, ताणात न्यूट्रोफिल वर येतात, आणि तो ताण आजाराचा की फासाचा हे आकडा सांगत नाही. एका जनावराच्या उपचाराला याचा उपयोग आहे, कळपाच्या निर्णयाला मला फारसा वाटत नाही.

वाढ आणि खाद्य

लोक विचारतात ग्रोथ हार्मोन मोजू का. नको. ते रक्तात लाटांनी सुटतं, आत्ता वर, अर्ध्या तासाने खाली, एका नमुन्यातून काही कळत नाही. त्याच्या हुकुमाने मुख्यतः यकृतात बनणारं आयजीएफ-१ हे वाढीचं दुसरं हार्मोन मात्र रक्तात दुसऱ्या प्रोटीनांना चिकटून फिरतं, म्हणून दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं. खाणं कमी झालं किंवा जळजळ चढली की ते पडतं. पण प्रत्येक लॅब करत नाही, आणि खरं सांगायचं तर दर दोन आठवड्यांनी केलेलं वजन जवळपास तेच सांगतं. दोन खाद्यांची नीट चाचणी घेत असाल तर करा.

युरिया मात्र स्वस्त नि मस्त आहे, नीट वापरला तर. डुकराने प्रोटीन खाल्लं, त्यातलं जेवढं मांसात बसलं तेवढं बसलं, उरलेल्या अमिनो आम्लांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. लायसिन हे एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची अमिनो आम्लं असूनही वापरता येत नाहीत आणि युरिया चढतो. म्हणून एकाच प्रोटीनच्या दोन खाद्यांत ज्यावर युरिया कमी आणि वाढ तेवढीच किंवा जास्त, ते खाद्य जास्त जुळलेलं. नुसता युरिया कमी बघून खूश होऊ नका, खाद्यात प्रोटीनच कमी असेल किंवा डुक्कर खातच नसेल तरी तो कमीच येतो.

अट एकच, सगळी डुकरं एकाच वेळी. खाल्ल्यावर युरिया काही तास चढतो, त्यामुळे एक गट सकाळी उपाशी नि दुसरा दुपारी जेवल्यावर घेतलात तर तुम्ही खाद्य नाही, घड्याळ मोजलंत. खाऊन लगेच घेतलेलं सिरम चरबीने दुधाळ होतं, त्यानेही लॅबचं मशिन गोंधळतं.

युरियासोबत क्रिएटिनिनही वर, एकूण प्रोटीनही वर, पीसीव्हीही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वर, असं एका पेनमध्ये दिसलं तर मूत्रपिंडाचा आजार शोधण्याआधी पाण्याचं निपल दाबून बघा. पाणी येत नसेल. डुकराचं पाणी बंद होऊन सोडियम चढला तर मेंदूवर जातं, भिंतीला डोकं लावून उभी राहतात, आणि मग एकदम पोटभर पाणी पाजलंत तर अजून बिघडतं, थोडं थोडं द्यावं लागतं.

लस घेतली का

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे इथे जरा थांबू.

पहिला गैरसमज, अँटीबॉडी म्हणजे संरक्षण. काही लसींत हे बरंच खरं आहे, क्लासिकल स्वाइन फिव्हर, खुरकूत, औजेस्की (नागीण गटातल्या विषाणूचा डुकरांचा आजार), इथे न्यूट्रलायझिंग, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या, अँटीबॉडी आणि संरक्षण बऱ्यापैकी जोडीने चालतात. मायकोप्लाझ्माच्या (फुफ्फुसं बिघडवणारा जिवाणू) लसीत हे लागू नाही, तिथे रक्तातल्या अँटीबॉडीवरून संरक्षण ठरत नाही, ती लस कशी चालली हे कत्तलीच्या वेळी फुफ्फुसं बघून ठरवा. पीआरआरएसला नेहमीचा एलायझा ज्या अँटीबॉडी पकडतो त्या संरक्षण देणाऱ्या नाहीतच, खऱ्या न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी महिनाभराने किंवा त्याच्याही नंतर येतात. त्या एलायझात ०.४ च्या वरचं एसपी गुणोत्तर (नमुन्याचा आकडा किटमधल्या पॉझिटिव्ह नमुन्याच्या तुलनेत) पॉझिटिव्ह धरतात, पण त्याचा अर्थ "विषाणू किंवा लस भेटलीय", एवढाच. २.५ आला म्हणून ०.८ पेक्षा तिप्पट सुरक्षित, असं काही नसतं. पीसीव्ही-२ या विषाणूच्या बाबतीत (वरच्या पीसीव्हीशी याचा संबंध नाही) मी अँटीबॉडीपेक्षा रक्तातला विषाणू पीसीआरने किती सापडतो ते बघतो, लस चालली असेल तर तो भार कमी राहतो. पीसीआरसाठी पाच-पाच नमुने एकत्र करून खर्च वाचवता येतो, अँटीबॉडीसाठी तसं करू नका, तिथे प्रत्येक डुकराचा आकडाच तर हवा असतो.

दुसरी गोष्ट, आईच्या अँटीबॉडी. चिकातून आलेल्या अँटीबॉडी लसीलाही शत्रूच समजतात. स्वाइन फिव्हरचं उदाहरण घेऊ, तिथे त्या साधारण ११ ते १४ दिवसांत निम्म्या होतात. समजा ३ आठवड्यांच्या पिल्लाचा टायटर (अँटीबॉडीची पातळी) २५६ आला. १४ दिवस धरून ५ आठवड्यांना १२८, ७ ला ६४, ९ ला ३२. दुसऱ्या मादीच्या पिल्लाचा ३ आठवड्यांना फक्त ३२ आहे, ते ७ आठवड्यांतच ८ वर येतं. आता एकाच दिवशी दोघांना लस दिलीत तर एकाला ती वाया जाते, किंवा उशीर केला तर दुसरं उघड्यावर राहतं. म्हणून सरासरीने फसू नका, पसारा बघा. जुन्या, बऱ्याचदा लस घेतलेल्या माद्या आणि पहिलटकरणी यांची पिल्लं वेगवेगळी मोजा, फरक हमखास तिथे असतो. पसारा मोठा असेल तर उत्तर बऱ्याचदा पिल्लांच्या लसीत नसून माद्यांच्या लसीकरणात नि चिकात असतं.

आता पायऱ्या. लस द्यायच्या दिवशी, द्यायच्या आधी, बिल्ला मारलेल्या १५-२० डुकरांचं रक्त. मग ३ ते ४ आठवड्यांनी त्याच डुकरांचं. दोन डोसची लस असेल तर दुसऱ्या डोसनंतर ३-४ आठवड्यांनी. पहिलं सिरम फ्रीझरमध्ये उणे २० ला ठेवून दोन्ही जोड्या लॅबला एकाच दिवशी, एकाच किटवर करायला सांगा, वेगळ्या दिवशी केलेल्या किटमध्ये थोडाफार फरक असतोच. टायटर चौपट किंवा जास्त वाढला तर प्रतिसाद खरा, दुप्पट म्हणजे मोजण्याच्या चुकीतही बसतो.

जोड्या समोर ठेवल्या की चित्र दिसायला लागतं. आधी कमी, नंतरही कमी, आणि जवळजवळ सगळ्यांचंच तसं, तर लस किंवा ती देणारा हात. २ ते ८ डिग्री पाळलं का, मारलेल्या विषाणूची लस फ्रीझरच्या भिंतीला लागून गोठली का, जिवंत लस अशा सिरिंजमध्ये भरली का जी जंतुनाशकाने धुतली होती, मिसळून किती तास बाहेर राहिली, मोठ्या डुकराला आखूड सुईने चरबीतच सोडली का. आधी जास्त आणि नंतर त्याहून कमी, म्हणजे आईच्या अँटीबॉडीने लस खाल्ली, वय पुढे ढकला. निम्मी वर गेली नि निम्मी जागेवरच, तर लस देताना डुकरं सुटली असण्याची शक्यता आधी तपासा, कारण गर्दीच्या पेनमध्ये काहींना दोन डोस नि काहींना शून्य, हे सगळीकडे होतं, फक्त कोणी कबूल करत नाही. आणि सगळी छान वर गेली पण मग १६ व्या आठवड्यात आपोआप अजून एकदा उसळली, तर ती लस नाही, बाहेरचा विषाणू शेडमध्ये फिरतोय.

हे शेवटचं ओळखायला काही लसी मुद्दाम तशा बनवलेल्या असतात. औजेस्कीच्या लसीतून जीई हे प्रोटीन काढलेलं असतं, त्यामुळे जीईच्या अँटीबॉडी सापडल्या तर ते लसीचं नसून संसर्गाचं काम. खुरकूतमध्ये शुद्ध केलेली लस असेल तर एनएसपी (विषाणू अंगात वाढतानाच बनणारी प्रोटीनं) विरुद्धच्या अँटीबॉडीवरून हेच कळतं. स्वाइन फिव्हरची जुनी सी-स्ट्रेनची जिवंत लस उत्तम आहे पण तिच्या आणि संसर्गाच्या अँटीबॉडी वेगळ्या ओळखता येत नाहीत, विषाणूचं फक्त ई-२ हे प्रोटीन असलेल्या लसीत येतात. लस निवडतानाच हे विचारून घ्या, नंतर विचारून उपयोग नाही.

लस देतेवेळी डुकरं आजारी होती का, हेही त्याच वहीत बघा. हॅप्टोग्लोबिन चढलेल्या, ताप असलेल्या गटाला लस देऊन प्रतिसाद कमी आला म्हणून कंपनी बदलणारे मी बघितलेत, मी स्वतःही त्यांतलाच.

उरलेलं सिरम

प्रत्येक खेपेला लॅबला पाठवून थोडं उरतंच. ते ओतू नका. अर्धा मिलीच्या दोन छोट्या नळ्यांत भरा, तारीख, बिल्ला, वय लिहा, पेनने नाही तर पाण्याने न जाणाऱ्या मार्करने, आणि उणे २० ला ठेवा. वारंवार वितळवू नका, म्हणूनच दोन नळ्या. दारं दर तासाला उघडणाऱ्या, बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ते फार टिकत नाही, साधा आडवा डीप फ्रीझर बरा. सहा महिन्यांनी कधीतरी गर्भपात सुरू होतील आणि कोणीतरी विचारेल, हा विषाणू आधीपासून होता की आत्ता आला, तेव्हा तो डबा काढायचा आणि जुन्या-नव्या नळ्या एकाच किटवर लावायला द्यायच्या.